दाताड्यानं अडवलेलं लग्न

लग्नाच्या दिवशी दुपारी दीड वाजता मला कळलं, की माझं लग्न आधीच झालेलं आहे.

बायकोचं नाव शकुंतला. राहणार अक्कलकोट. दोन मुलगे, एक सून. आणि माझं नाव महादेव गव्हाणे.

हे सांगणारा माणूस असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण सांगणारं यंत्र होतं. त्याच्या तोंडाला कोण लागणार? उलट मीच त्याच्यापुढे तोंड वासून बसलो होतो.

मी सन्मती मगदूम. वय एकसष्ट. बोरपेठेच्या हळद बाजारात पस्तीस वर्षं गोदामात हळद निवडली. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. नाकातोंडाला कायम फडकं बांधलेलं, तरी ती धूळ आत जायचीच. निवृत्त झालो तेव्हा माझे दात कढीच्या रंगाचे झाले होते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मी एकटा, आणि दोन गल्ल्या पलीकडे माझी थोरली बहीण पद्माक्का, जी मी एकटा आहे हे मला दिवसातून तीनदा फोन करून सांगायची.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बागेतल्या हास्यक्लबात जायला लागलो. तिथं वैजयंता शिंगाडे भेटल्या. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होत्या, नवरा वारून बारा वर्षं झालेली, मुलगी तेजल लग्न होऊन सांगलीत. बाई हसायच्या तेव्हा पदर तोंडावर धरायच्या. बाकी सगळे आ वासून खदाखदा हसतायत आणि या पदराआड हसतायत. मला वाटलं, किती लाजाळू बाई. एसटीची कंडक्टर लाजाळू असते असं समजणारा माणूस किती हुशार असेल ते तुम्ही ठरवा.

वर्षभर हसल्यावर आम्ही लग्न करायचं ठरवलं. जातधर्म वेगळे, तेव्हा विशेष विवाह कायद्यानं. त्यात आधी नोटीस लागते. दोघांचे फोटो महिनाभर कचेरीच्या फलकावर आणि इंटरनेटवर, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. कायद्याची हरकत कुणाची नव्हती, बाकीच्या हरकती अख्ख्या बोरपेठेच्या होत्या. भाजीवाली म्हणायची, ‘‘या वयात?’’ पद्माक्का म्हणायची, ‘‘या वयात, आणि कंडक्टर?’’ नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. आधी जावयाला रजा मिळेना, मग तेजलची परीक्षा आली, मग मला टायफॉइड. असं करता करता नव्वदावा दिवस उजाडला.

वैजयंताबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, ‘‘मगदूम, एकदा त्या फलकावर टांगून घेतलं. येणाजाणाऱ्यानं बघितलं, बोट दाखवलं. परत नाही टांगून घेणार. या खेपेला झालं तर झालं.’’

म्हणजे आज संध्याकाळी पाचला कचेरी बंद होईपर्यंत.

आता त्या यंत्राबद्दल सांगतो. सरकारी नाव ‘दंतमुद्रा’. लोकांनी ठेवलेलं नाव ‘दाताड्या’.

झालं असं, की ओळख पटवायची सगळी साधनं एकेक करून बाद झाली. बोटांचे ठसे म्हणावेत, तर राबणाऱ्यांचे झिजून गेलेले. माझ्या अंगठ्याचा ठसा म्हणजे नुसता गुळगुळीत बटाटा. चेहरा आणि आवाज तर शाळेतली पोरंसुद्धा फोनवर हुबेहूब बनवतात. मग कुणा शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की माणसाच्या दातावर त्याचा सगळा इतिहास साचलेला असतो. दाताचं वरचं कवच वरून गुळगुळीत दिसतं, पण त्यात लाखो बारीक कांड्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत आपण जे खातो-पितो त्याचा रंग मुरत जातो. विहिरीचं पाणी, चहा, हळद, सुपारी. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं असतात, तसे दातात थर. निळा प्रकाश टाकला की प्रत्येक थर आपापल्या परीनं चमकतो. ती चमक चार हजार ठिकाणी मोजायची. जुळ्या भावांचीसुद्धा सारखी येत नाही, कारण एकाला चहा आवडतो आणि दुसऱ्याला कॉफी. वर थर मोजून वयही कळतं, त्यामुळे खोटे दाखले आणून पोरीबाळींची लग्नं लावणारे पकडले जायला लागले.

उत्तम शोध. फक्त दात पांढरे केले तर काय होईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मंजुरी देणाऱ्या समितीत सोळा तज्ज्ञ होते म्हणे. पंधरा जणांना कवळी होती, आणि सोळावे कधी हसायचेच नाहीत.

मलाही तो प्रश्न सुचला नाही. मला सुचलं ते वेगळंच. लग्नाच्या फोटोत कढी दिसायला नको.

माझा मित्र हमीद तांबोळी, पानाच्या दुकानातला, त्याच्याशी मी सल्लामसलत केली. ज्याच्या दुकानामुळे निम्म्या गावाचे दात रंगले, त्यालाच दात पांढरे कसे करायचे विचारायला गेलो.

हमीद म्हणाला, ‘‘सांगलीला त्या शुभ्रा स्माईल स्टुडिओत जा लेका. आधी विचारून तर ये.’’

गेलो. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं खुर्चीत बसवलं, आरसा दिला आणि सगळं नीट समजावलं. म्हणाली, ‘‘काका, औषध दोन्हीकडे साधारण एकच. त्यातून प्राणवायू सुटतो आणि तो दातात मुरलेल्या रंगाचे तुकडे करतो. इथं आम्ही ते कडक वापरतो. म्हणून आधी किडका दात आहे का बघतो, हिरड्यांवर रबराचं आवरण घालतो, आणि तासाभरात काम होतं. घरच्या किटमध्ये औषध सौम्य असतं. रोज थोडा थोडा वेळ, दोन आठवडे. पण त्याचा साचा बाजारातला असतो, सगळ्यांना एकच. तो नीट बसला नाही तर औषध गळून हिरड्या भाजतात, रंग कुठं उडतो कुठं राहतो. तिसरं म्हणजे, मी तुमच्या मापाचा साचा करून देते आणि तुम्ही घरी वापरा. आणि एक लक्षात ठेवा, तुमचा हा पुढचा दात बसवलेला आहे, टोपीचा. त्याच्यावर यातल्या कशाचाच परिणाम होत नाही. तो आहे तसाच राहणार.’’

एवढं सगळं ऐकून मी एकच प्रश्न विचारला, ‘‘खर्च किती?’’

आकडा ऐकला आणि बूट घालून बाहेर आलो.

घरचं किट मागवलं. नाव ‘मोतीहास’. खोक्यावर लिहिलं होतं, रोज अर्धा तास, चौदा दिवस. लग्नाला उरले होते पाच. मी हिशेब केला, रोज दीड तास घातला की झालंच. हळद जास्त वेळ उकडली की चांगली शिजते, तर दात का नाही?

पहिल्याच दिवशी साचा तोंडात घातला तर तो इतका मोठा, की ओठ मिटेनात. तोंडातून फेस यायला लागला. नेमका पद्माक्काचा फोन. मी म्हणालो, ‘‘अआ, ई अंतर ओलतो.’’

अक्का ओरडली, ‘‘बघितलंस? लग्न ठरलं आणि लगेच दारू!’’

पाचव्या दिवशी आरशात पाहिलं. हिरड्या भाजून पांढऱ्या पडलेल्या. दात कुठं पांढरे, कुठं निळसर, कुठं चट्ट्यापट्ट्याचे, चुन्याचा हात अर्धवट मारलेल्या भिंतीसारखे. आणि बरोबर मधोमध तो टोपीचा दात, एकटा पिवळा. हमीदनं बघितलं आणि तो दुकानाच्या पाटीला धरून हसला. मी म्हणालो, ‘‘फोटोत तोंड मिटून ठेवीन.’’

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे कचेरीत जमलो. मी, आणि हमीद, तेजल नि तिचा नवरा हे तीन साक्षीदार. पद्माक्काला बोलावलं होतं, ती म्हणाली तिचा उपास आहे. वैजयंताबाई मोरपंखी साडीत आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. पदर न धरता. दात असे पांढरेशुभ्र, की मी डोळे मिचकावले.

‘‘बाई, तुम्ही पण?’’ मी तोंड उघडलं.

त्यांनी माझ्या तोंडात बघितलं. ‘‘अगंबाई! हे काय हो मगदूम? कुणी मारलं का?’’

‘‘घरी केलं.’’

‘‘मी शुभ्रात केलं. काल.’’

तेवढ्यात विवाह अधिकारी केंगार साहेबांनी आत बोलावलं. बारीक चणीचा, सभ्य माणूस. दाताड्या त्यांच्या टेबलावर, भिंगासारखं तोंड पुढं काढून बसलेला. आधी बाईंनी दात दाखवले. निळा प्रकाश पडला. दाताड्या बराच वेळ घुमला आणि गोड आवाजात म्हणाला, ‘‘नोंद सापडली नाही. वधूचं अंदाजे वय, सोळा वर्षं.’’

तेजल म्हणाली, ‘‘मी तीस वर्षांची आहे.’’

‘‘तुमचं नाही ओ,’’ केंगार साहेब म्हणाले, ‘‘आईचं.’’

मग मी बसलो. माझा निकाल लगेच लागला. ‘‘महादेव गव्हाणे, अक्कलकोट. विवाहित. पत्नी शकुंतला, हयात. दोन मुलगे, एक सून. इशारा. विवाहित पुरुषाचा अल्पवयीन मुलीशी विवाह. पोलिसांना आणि पत्नीला अर्जदाराच्या फोन नंबरासह कळवण्यात आलं आहे.’’

बाई माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षं बिनतिकीट प्रवाशांकडे ज्या नजरेनं बघितलं असेल, ती नजर.

‘‘शकुंतला कोण?’’

‘‘आईशपथ, मला माहीत नाही!’’

‘‘दोन मुलगे आहेत म्हणतोय तो!’’

‘‘अहो, मला एकपण नाही!’’

केंगार साहेबांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडूनही यंत्रच बोललं. ‘‘आपली अडचण समजली. अर्जदारानं दात काढून परत बसवून पाहिले आहेत का?’’

तेजलच्या नवऱ्यानं, पोरगा कंपनीत कॉम्प्युटरवर आहे, पडद्यावर खाली खाली जाऊन कारण शोधून काढलं. औषधानं आमचे थर साफ पुसले गेले होते. बाईंचे अगदी एकसारखे, डॉक्टरांनी केलेले, त्यामुळे दाताड्याला त्या नुकत्या दहावी झालेल्या वाटल्या. माझे असे चट्ट्यापट्ट्याचे, की एकही दात त्याला वाचता येईना. वाचता आला तो फक्त टोपीचा. आणि त्या टोपीची चिनीमाती ज्या खेपेतली, त्याच खेपेतला दात अक्कलकोटच्या महादेव गव्हाणेंनी बसवला होता, आणि बसवल्यावर दाताड्याला दातांचा ठसा दिला होता. माझा ठसा टोपी बसवण्याआधीचा, त्यात ती नव्हतीच. झालं. एका दातावरून मी महादेव.

बाईंचा चेहरा थोडा सैल झाला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दारात हवालदार पुकळेबाई उभ्या.

‘‘मुलगी कुठाय?’’ त्यांनी दरडावून विचारलं.

सगळ्यांनी वैजयंताबाईंकडे बोट दाखवलं.

पुकळेबाईंनी बघितलं. सत्तावन्न वर्षं, मोरपंखी साडी, गुडघ्याला पट्टा. ‘‘ही?’’

‘‘व्हय, मीच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला पळवून आणलंय.’’

पुकळेबाई हसल्या, पण म्हणाल्या, ‘‘इशारा आलाय म्हणजे मला नोंद बंद करता येत नाही. यंत्रानं ओळखलं तरच.’’

त्याच वेळी माझ्या फोनवर अनोळखी नंबर. उचलला. पलीकडून बाईचा आवाज, ‘‘मेल्या, कुठं तोंड काळं करतोयस?’’

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘तुझी बायको!’’

‘‘शकुंतलाबाई,’’ मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, ‘‘आवाज ओळखा. मी तुमचा नवरा नाही. तुमचा नवरा कुठं आहे?’’

पलीकडे पावलं वाजली. मग, ‘‘इथंच झोपलाय की कॉटवर.’’ मग एक सणसणीत फटका ऐकू आला आणि कुणीतरी कळवळलं. ‘‘बरं. मग त्याला मारलं ते उगाच मारलं.’’ आणि फोन बंद.

अडीच वाजले होते. आता हमीदनं सूत्रं हातात घेतली. ‘‘डॉक्टरणीनं दोन दिवस काय खायचं नाही म्हणून सांगितलं?’’

बाई म्हणाल्या, ‘‘चहा, हळद, बीट, पान. दात आता नुसते स्पंजासारखे आहेत म्हणाली, लगेच रंग धरतील.’’

‘‘बस्स. तेच खायचं.’’

आणि मग त्या कचेरीत जे झालं ते कुठल्याच लग्नात झालं नसेल. वधूवर बाकावर बसून कोऱ्या चहाच्या चुळा भरतायत. हमीद दुकानातून काताचा डबा घेऊन आलाय, कात भिजवून बोटानं आमच्या दातांना फासतोय. तेजल समोरच्या हॉटेलातून बिटाची कोशिंबीर आणि हळद घेऊन आली. दर दहा मिनिटांनी दाताड्यापुढे जाऊन तोंड उघडायचं.

बाईंना चांगला गुण येत होता. सोळा. बावीस. चोवीस. कात लावल्यावर एकतीस. दरवेळी केंगार साहेब मोठ्यानं वय सांगायचे आणि बाहेरच्या बाकांवरची माणसं टाळ्या वाजवायची. बाई मला म्हणाल्या, ‘‘असंच चालू राहिलं तर पाचपर्यंत तुमच्याएवढी होते.’’

माझं मात्र वेगळंच चाललं होतं. हळद चोळून गेलो तर दाताड्या म्हणाला, ‘‘कृपया यंत्रापुढे खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’’

बाई एकतिसाला अडकल्या. पुढं जाईनात. मी म्हणालो, ‘‘आणखी काय लावायचं? तुमच्या दातांना असा कसला रंग होता, जो आता मिळत नाही?’’

बाईंनी तेजलकडे बघितलं. तेजल छताकडे बघायला लागली.

‘‘मिशरी,’’ बाई म्हणाल्या.

आमच्या घरात तंबाखूचं नाव काढलं तरी आई चूळ भरायची. आणि हे त्यांना मीच सांगितलं होतं, हास्यक्लबात, मोठ्या अभिमानानं.

‘‘पहिली गाडी पाचची असायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘डेपोत आम्ही सगळ्या बायका. अंधारात उठायचं, अन्न पोटात नाही, पुढं बारा तास उभं राहायचं. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, हिरडीला लावायची, की तरतरी. पंचवीस वर्षं लावली. तुम्ही बोललात त्या दिवशी सोडली. सोडल्यावर डोकं असं दुखायचं, की भिंतीवर आपटावं वाटायचं. पण सोडली. डाग तेवढे राहिले होते. ते काल काढून आले.’’

‘‘म्हणून पदर धरायचात?’’

‘‘मग काय, लाजायची मी?’’

हमीद हळूच म्हणाला, ‘‘समोरच्या दुकानात मिशरीची पुडी मिळते. एकदाच लावली तर...’’

त्यानं माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. घड्याळात पावणेचार झाले होते. मी हो म्हटलं असतं तर कदाचित दाताड्यानं त्यांना लगेच ओळखलं असतं.

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘सोडायला किती त्रास झालाय, ते आत्ताच ऐकलं. लग्न बुडालं तरी चालेल, पण ती पुडी आणू नकोस.’’

बाईंनी पदरानं डोळे पुसले. पदराला ओठांवरचा कात लागला. ‘‘चालेल काय, चालेल?’’ त्या म्हणाल्या. ‘‘केंगार साहेब, तुमच्या या डबड्याच्या आधी लोकांची लग्नं होत नव्हती का? तेव्हा ओळख कशी पटवायचे?’’

केंगार साहेबांनी डोकं खाजवलं. मग नियमांचं पुस्तक काढलं. ते कधीच उघडलेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, ‘‘आहे. ओळखदार! यंत्र चुकलं तर वीस वर्षांहून जास्त ओळखणारा कुणीही, साक्षीदार सोडून, समोर उभा राहून सांगू शकतो. सही करायची, जबाबदारी त्याची.’’

वैजयंताबाईंना कोण ओळखतं, असा प्रश्न केंगार साहेबांनी दारात उभं राहून विचारला मात्र, बाकांवरचे निम्मे लोक उठले.

‘‘हिनं मला सुट्टे नाहीत म्हणून भर उन्हात नागठाण्याच्या फाट्यावर उतरवलंय!’’

‘‘माझ्या कोंबडीचं तिकीट फाडलं होतं!’’

‘‘पुढं सरका, पुढं सरका म्हणून डोकं खाल्लंय आमचं तीस वर्षं!’’

हवालदार पुकळेबाई म्हणाल्या, ‘‘कॉलेजात असताना माझा पास एक दिवस संपला होता. साहेब, तो आवाज मी मेल्यावरसुद्धा ओळखीन. आणा, मी सही करते.’’

पुकळेबाईंनीच सही केली. सव्वाचार.

‘‘आता तुम्ही,’’ केंगार साहेब मला म्हणाले. ‘‘तुमच्यावर विवाहित असल्याचा ठपका आहे, तेव्हा तुम्हाला रक्ताचं नातेवाईक लागेल.’’

बाहेरच्या बाकांवरचा एकही माणूस मला ओळखत नव्हता. पस्तीस वर्षं मी तोंडाला फडकं बांधून काम केलं होतं. आणि रक्ताचं म्हणजे एकच.

पद्माक्काला फोन केला. ‘‘अक्का, मला तू हवी आहेस.’’

‘‘माझा उपास आहे.’’

‘‘उपाशीच ये. खायला काही नाहीच.’’

ती बॅटरीच्या तीनचाकीवरून आली तेव्हा पावणेपाच व्हायला पाच मिनिटं कमी होती. केंगार साहेबांनी सगळं सांगितलं. अक्कानं ऐकलं, पिशवी बाकावर ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ‘‘तोंड उघड.’’

मी उघडलं. भाजलेल्या हिरड्या, पांढरे चट्टे, बिटाचा लाल, काताचा तपकिरी, हळदीचा पिवळा.

‘‘हा माझा भाऊ नाही,’’ अक्का म्हणाली.

मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण ती हसत नव्हती. ती वैजयंताबाईंकडे बघत होती. ‘‘माझ्या भावाचे दात पिवळे होते. माझा भाऊ मला विचारल्याशिवाय काही करायचा नाही. हा कुणी दुसराच आहे.’’

घड्याळाचा काटा मला ऐकू यायला लागला.

मग वैजयंताबाई उठल्या. ‘‘अक्का,’’ त्या म्हणाल्या, आवाज कंडक्टरचा नव्हता, साधा होता. ‘‘माझ्याशी लग्नाला तुमची ना आहे, तर तसं तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन. पण सख्खा भाऊच नाही म्हणू नका. साहेब, अक्कांनी नाही म्हटलं तर काय लिहिणार तुम्ही?’’

केंगार साहेबांनी पुस्तक चाळलं. ‘‘मग नियमाप्रमाणे हे महादेव गव्हाणे. आणि सन्मती मगदूम यांची नोंद, अं... बेपत्ता.’’

‘‘बेपत्ता?’’ अक्का म्हणाली.

‘‘हो. सात वर्षांनी मयत धरतात.’’

‘‘आणि हा?’’

‘‘यांना अक्कलकोटला कुटुंबाकडं पाठवायचं.’’

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ थरथरले, मला वाटलं रडतेय, पण ती हसू दाबत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

‘‘सन्मत्या, दवाखान्यात का नाही गेलास रे?’’

‘‘महाग होतं अक्का.’’

‘‘आणि दोन आठवड्यांचं काम पाच दिवसांत केलंस?’’

‘‘हो.’’

‘‘साहेब, आणा ते पेन,’’ अक्का म्हणाली. ‘‘हा माझाच भाऊ. स्वस्तात करायला जाऊन एवढा मोठा घोळ घालणारा दुसरा माणूस तुमच्या सगळ्या यंत्रांना मिळून सापडायचा नाही. लहानपणी घरीच केस कापून घेतले होते यानं, तेव्हा कान कापला होता.’’

तिनं सही केली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. इतकं बरं वाटलं, की मी पाठ परत पुढं केली.

चार वाजून त्रेपन्न मिनिटं. केंगार साहेब घाईनं उभे राहिले. ‘‘एकमेकांकडे तोंड करा. आणि म्हणा. वर आधी.’’

मी घसा साफ केला. ‘‘मी, महादेव...’’

‘‘सन्मती!’’ अख्खी कचेरी ओरडली. बाकांवरचे ओरडले, पुकळेबाई ओरडल्या. अक्कानं कपाळावर हात मारला.

‘‘मी, सन्मती,’’ मी म्हणालो, ‘‘वैजयंता हिचा माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो.’’

वैजयंताबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, सावकाश, जणू त्यांच्यापाशी सगळा दिवस शिल्लक आहे. चार छप्पन. मला घाम फुटला. मग त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं तसं, आणि केंगार साहेबांनी शिक्का मारला. तेजल रडली. जावई टाळ्या वाजवत होता. मी मागच्या खुर्चीत धपकन बसलो आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

फोटोत आम्ही सगळे तोंड उघडून हसलोय. अक्कासुद्धा. माझे दात त्यात रंगपंचमीसारखे दिसतात. बाईंचे काताचे. कुणाला दाखवला तर पहिला प्रश्न तोच येतो, काय खाल्लं होतं लग्नात?

बाहेर पडल्यावर हमीदनं सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मी आणि बाई पायरीवर शेजारी बसलो. दोघांनी एकदमच पहिला घास घेतला आणि दोघांनी एकदमच गाल धरले. कळ अशी गेली, की थेट कानात.

‘‘घरच्या किटनं पण एवढंच झणझणतं का?’’ बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

‘‘एवढंच.’’

‘‘मग मी एवढे पैसे कशाला दिले?’’ त्यांनी कप अक्काच्या हातात दिला. ‘‘हमीदभाई, चहा सांगा हो. गरम.’’

मी म्हणालो, ‘‘चहानं परत डाग पडतील.’’

‘‘पडू देत की,’’ बाई म्हणाल्या, आणि पदर मांडीवर तसाच ठेवून हसल्या.